फलाटरावांचं खातं

४ ऑगस्ट

बायकोचं खातं बंद करायचं म्हणून तिचा संगणक उघडला. बंद केलं नाही.

आत निरोप साचले होते. ऑनलाइन ज्ञानकोशावर ही रेल्वे स्टेशनांवरचे लेख लिहायची — कित्येक वर्षं, शाळेतून शिकवून आल्यावर, शेजारच्या खोलीत. तिथलं तिचं नाव ‘शेवटचा फलाट’. त्यामुळे सगळे तिला पुरुष समजतात. ‘फलाटराव, आहात कुठे?’ ‘फलाटराव, गाडी सायडिंगला लागली काय?’ तिला जाऊन दीड महिना झाला आणि इथे कुणाला पत्ता नाही.

इथे ती गेलेली नाही. नुसती लेट आहे.

६ ऑगस्ट

नियम वाचले. खातं ज्याचं त्यानंच वापरायचं. सदस्य वारल्याचं कळलं की त्याचं पान कुलूपबंद करतात — वर काळी पट्टी, खाली दोन ओळी श्रद्धांजली. मग तिथे कुणालाच काही लिहिता येत नाही. एकाचं तसं पान पाहिलं. लगेच मिटलं.

लेकीचा फोन आला होता. यातलं काही बोललो नाही.

९ ऑगस्ट

एका लेखातलं वाक्य नीट केलं. तिच्या नावानं. पाणीपुरवठा खात्यात जन्म गेला, हजारो सह्या केल्या, दुसऱ्याची एकही नाही.

तासाभरात कुणीतरी लिहिलं, ‘आलात राव! जिवात जीव आला.’ माझ्याही आला. आणि लगेच गेला — आता हे खोटं निभवायचं कसं?

१४ ऑगस्ट

रोज बसतो. तिची पद्धत ठरलेली होती. आधी स्टेशन कुठे आहे, मग कधी सुरू झालं, फलाट किती, पादचारी पूल आहे का, कोणत्या गाड्या थांबतात, शेवटी सोयी. दर लेखात हाच क्रम. वाचणाऱ्याला गाडी पकडायची असते, त्याला शोधायला लावू नये, असं तिचं म्हणणं. आणि विशेषणं बाद. मी एकदा तिच्या मागे उभं राहून ‘निसर्गरम्य’ सुचवलं होतं. ‘अहो, रम्य कुणाला? ज्याची गाडी चुकली त्याला?’

भीती एकाचीच वाटते. ‘काटेकोर’ नावाचा एक व्यवस्थापक आहे. प्रत्येक लेख तपासतो. कुलूप लावायचा अधिकार त्याच्याकडे. तिचं आणि त्याचं साध्या स्वल्पविरामावरूनही जुंपायचं. तिचा हात त्याच्याइतका कुणीच ओळखत नसेल. मीसुद्धा नाही.

२१ ऑगस्ट

व्हायचं ते झालं. नव्या लेखासाठी तिचा एक जुना लेख साचा म्हणून घेतला, नाव आणि आकडे बदलले, एक ओळ तशीच राहून गेली — ‘दोन्ही फलाट पादचारी पुलाने जोडलेले आहेत.’ या स्टेशनावर पूलच नाही.

काटेकोरनं लिहिलंय : ‘फलाटराव, इथे पूल कुठला? ज्या स्टेशनावर पाय ठेवला नाही त्याबद्दल आजवर तुम्ही ओळ लिहिली नव्हती. प्रकृती ठीक ना?’

ठीक ना! साधी चौकशी आहे की सापळा? ‘ठीक’ असं लिहिलं, खोडलं.

२२ ऑगस्ट

उत्तर दिलं नाही. त्यानंही परत विचारलं नाही. हे जास्त वाईट.

२३ ऑगस्ट

त्या स्टेशनावर जाऊन आलो. फलाटाच्या टोकाला उतार आहे, तिथून लोक रूळ ओलांडतात. तिकीट खिडकीतल्या माणसाला म्हटलं, इथे पूल नाही का? तो म्हणाला, ‘आहे ना काका. कागदावर आहे. चढून बघा.’

पिशव्या घेतलेली एक म्हातारी उताराशी घुटमळत होती. माझ्या कोपराला धरून पलीकडे आली. तिचे गुडघे गेलेले. मधल्या रुळात थांबून तिनं श्वास घेतला, आणि मी वळून वळून मागे बघत होतो. माझी ओळ वाचून, पूल आहे म्हणून अशी कुणी इथे उतरली असती तर?

घरी येऊन ओळ काढली.

२५ ऑगस्ट

लेक आली. पडद्यावर आईचं नाव दिसलं तिला. मला वाटलं रडेल, नाहीतर ओरडेल. तिनं खुर्ची ओढली, माझे सगळे लेख वाचून काढले. मग हळूच म्हणाली, ‘बाबा, तुम्ही आईच्या नावावर चुका जमा करताय.’



२६ ऑगस्ट

काटेकोरला कळवलं. ती जूनमध्ये गेली. मी तिचा नवरा. पुलाची चूक माझी, तिची नव्हे. कुलूप लावायचं तर लावा.

पाठवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. परत त्या खोलीत जायचा धीर होत नाही. आता काळी पट्टी लागली असेल.

२७ ऑगस्ट

पट्टी नाही. उत्तर आहे : ‘काका, ठाऊक होतं. बाईंनीच सांगून ठेवलं होतं — मी गेल्यावर पान लगेच बंद करू नका. आमचे हे येऊन बसतील. त्यांना बिचकवू नका, पण चूक सोडू नका.’ खाली तिचा मूळ निरोप जोडलाय, तारखेसकट. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतला.

मला तिनं दुखणं सांगितलं ते त्या वर्षीच्या जूनमध्ये.

चार महिने ती शेजारच्या खोलीत एकटी भीत बसली होती, आणि मला वाटायचं, स्टेशनं लिहिते आहे.