तुळशीचं वजन

सांगली, ता. ६ फेब्रुवारी १९४५

ती. मधुदादास,

शरयूचा सा. नमस्कार. तुझं पत्र पोचलं. इटलीतली थंडी वाचूनच हुडहुडी भरली. इथे सगळे खुशाल. साताऱ्याहून माझ्या आईबाबांचे तुला आशीर्वाद. काकू बरी आहे.

कॉलेजात सध्या झाडं किती पाणी पितात आणि पानांवाटे किती बाहेर टाकतात, ते मोजतो आहोत. कुंडीतल्या मातीवर मेणकापड बांधायचं आणि सकाळ-संध्याकाळ कुंडीचं वजन करायचं. जेवढं घटेल तेवढं पाणी पानांतून गेलं. आपल्याकडे कुंडी एकच, तुळशीची. काकू आधी कडाडली, "देवाला तराजूत घालतेस, कार्टे?" मग स्वतःच म्हणाली, कृष्णसुद्धा तुळेत बसला होता, घाल मेली एकदाची.

पण माझी तुळस घटायची सोडून वाढायलाच लागली! सर म्हणाले, "नवा शोध लावलात, बाई." तुळशीला पाणी घातल्याशिवाय काकू चहाला शिवत नाही, हे मी विसरलेच होते. मेणकापड सोडून ती घालत होती. म्हटलं, घाल बाई, मी रोजचा एक तांब्या वजा करीन. केलं, तरी हिशेब जुळेना. अख्खा तांब्या जास्त भरत होता.

मग पाळत ठेवली. काकू दोन तांबे घालते. विचारलं, तर म्हणाली, "एक माझा." दुसरा कुणाचा म्हटलं, तर निऱ्या सारख्या करत पुटपुटली, "तिकडे आंघोळ तरी मिळत असेल का, कोण जाणे."

तू भरती झालास तेव्हा ती म्हणाली होती, गेलास तर तू मला मेलास. तेव्हापासून तिने तुझं नाव काढलेलं नाही, आणि तूही पत्रं टाकतोस ती मला. एकाच माळेचे मणी! मला रडू आलं, आणि दोघांचा रागही आला.

आता खरं ते लिहिते. तुळशीला एवढं पाणी सोसत नाही. पानं पिवळी पडून गळताहेत. दुसरा तांब्या बंद कर, हे मी तिला कुठल्या तोंडाने सांगू? आणि तुळस गेली तर ती काय समजेल, हे तुला कळतंच.

तेव्हा पुढचं पत्र माझ्या नावाने नको. आलं तर फोडणार नाही. "ती. आईस" लिही आणि खाली सही कर; मधे काही सुचलं नाही तरी चालेल. पोस्टमनची हाक आली की काकू पदराला हात पुसत दारापर्यंत येते. तो माझं नाव घेतो आणि ती आत जाते.

तुझ्याच घरून,
शरयू