पावडरच्या डब्याची भोकं

गुंड्या,

कोबीवरची मावा कीड खाणाऱ्या नव्या अळ्या आणायला पहिल्या गाडीने जातेय, दुपारपर्यंत येईन. तुला उठवलं नाही. काल ज्या तोंडाने बोलले, त्याच तोंडाने हाक मारायची हिंमत झाली नाही.

काल कोबीवर कोंड्यात मिसळलेल्या अळ्या डब्यातून भुरभुरल्या आणि निम्म्याच निघाल्या, तेव्हा मी तुलाच धरलं. पावडरच्या डब्याला खिळ्याने भगदाडं पाडलीस, अळ्या वाटेतच सांडल्यास, तुझ्या हातून एक काम धड होत नाही, असं काय काय बोलले. आज पहाटे डबा उपडा करून पाहिला. कोंड्यात अळ्यांची नुसती टरफलं होती. तुझी भोकं अगदी बेताची आहेत. मीच अळ्या कपाटात एक दिवस जास्त ठेवल्या. मावा मिळाला नाही की त्या एकमेकींनाच खातात. हे तुला मीच शिकवलं होतं, आणि मीच विसरले.

डबा धुऊन खिडकीत वाळत ठेवलाय. नवा करायला घेऊ नकोस, मला हाच हवाय. कोंडा तेवढा चाळून ठेव, आणि मावा वाढलेला दिसला तरी औषध फवारू नकोस, त्याने अळ्याही मरतील.

काल दिवसभर आपण दोघंही शेतात उपाशीच होतो, हे मला आत्ता गॅस पेटवताना आठवलं. ताट झाकून ठेवलंय. आधी जेव. रागवायचं असेल तर भरल्या पोटी रागव.

ताई