सवतीचे अनंत

४ मार्च
घर पाहून हायसं वाटलं. स्वयंपाकघरात भरपूर ऊन येतं, भिंतींना नुकताच चुना लावलाय. चाळिशीत लग्न करताना मनाची बरीच तयारी ठेवली होती, पण हे खरंच हसरे, साधे आहेत. मागच्या अंगणात अनंताची तीन जुनी झुडपं आहेत, माझ्या डोक्याहून उंच. ह्यांच्या पहिल्या बायकोनं लावलेली. ती जाऊन बरीच वर्षं झाली. फांद्या कळ्यांनी भरल्यात.

१० मार्च
अनंताचं करणं म्हणजे तान्ह्या बाळाचं करणं. पाणी बुंध्याशीच घालायचं. माती आंबट राहावी म्हणून चहाचा चोथा टाकायचा; चुना लागला की झाड गेलंच म्हणून समजा. पानांखालची पांढरी कीड हे ओल्या कापसानं पुसतात, एकेक पान धरून. तोवर माझा चहा निवतो. मलाही कधी असं जपा, असं गमतीनं म्हटलं. हे हसले आणि पुढचं पान पुसायला लागले.

१९ मार्च
आमचं फिरायला जायचं रद्द. कळ्या उमलायच्या बेतात आहेत म्हणे. नणंद सांगत होती, दादा ह्या दिवसांत घर सोडतच नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. जिवंत सवतीशी भांडता तरी येतं. दुपारी हे झोपलेले असताना रंगकामातून उरलेला चुना तिन्ही बुंध्यांशी कालवला. हात स्वच्छ धुतले. झोपही छान लागली.

२७ मार्च
पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. जिवाला गार वाटलं. पण ह्यांचे डोळेही पिवळे दिसतात. डॉक्टरांना कावीळ वाटली, रक्तात मात्र काही निघालं नाही.

३० मार्च
आता सगळं अंग पिवळं झालंय. आणि हातावरच्या, कपाळावरच्या शिरा हिरव्यागार. पानांवर आहेत तशाच. काय झालंय ते मला कळलंय. सांगू कोणाला?

१ एप्रिल
ह्यांना सगळं सांगून टाकलं. रागावले नाहीत. म्हणाले, "माझी माफी मागून काय होणार? झाडं तिची आहेत. तिची माग."
ह्यांचा जीव कंठाशी आलाय, तरी तोंडी तीच. मी नाही मागणार. चुन्याची मातीच काढून टाकते.

२ एप्रिल
कुदळीच्या पहिल्या घावाला हे आतून ओरडले. दुसऱ्या घावाला एक जाड मूळ तुटलं — ह्यांचा डावा पाय आता हलत नाही. कुदळ टाकून दिली.

३ एप्रिल
कळ्या गळताहेत. एकेक गळते तसा ह्यांचा श्वास — नणंद रडतेय. ह्यांनी तिलाही सगळं सांगितलंय. म्हणते, "वहिनी, दोन शब्द तर बोलायचेत." दोन शब्द. जिभेवर येतात आणि —

४ एप्रिल
एकच कळी उरलीय. वही घेऊन झाडापाशी बसलेय. म्हटलं, चुकले बाई, तुझ्या नवऱ्याला — नाही. माझ्या. माझा नवरा आहे तो.
आतून हाक आली. तिच्या नावानं.
कळीचा देठ माझ्या चिमटीत आहे. खुडायची नाहीये, खरंच नाहीये. एकदाच माझं नाव घ्या, लगेच सोडते. एकदाच —
पुन्हा हाक आली. पुन्हा ति