बंबाआधी पोचणारा आपला ट्रॅक्टर

अहो वैशूचे बाबा,

तुम्ही होतात तेव्हा कधी चिठ्ठी लिहिली नाही. आता लिहिते, कारण परवाचं सांगू कोणाला? वैशू माझीच बाजू घेईल.

परवा दुपारी सलीमभाईंच्या कुटाराला, गुरांसाठी रचलेल्या भुशाच्या ढिगाला, आग लागली. तुम्ही आणि सलीमभाईंनीच ना गावात आग विझवणारी टोळी जमवली होती? अकोल्याहून बंब पोचेपर्यंत राख होते, म्हणून संत्र्याच्या फवारणीचा आपला ट्रॅक्टर, टाकी कायम पाण्यानं भरलेली. मी चिडायचे, "गावाची आग, तुमाले काहून?" तुम्ही हसायचात, "टाकी आपली हाय, मंग जाईन कोन?"

सलीमभाई धापा टाकत आले. "भाबी, चाबी द्या!"

"नाई देत. माहा मानूस गेला याच्यापायी."

"राहू द्या भाबी," म्हणाले आणि बादली घेऊन पळाले.

कुटार गेलं. शेजारच्या गोठ्यातली गाभण म्हैस गेली. तिचं दावं कापायला त्यांची बायको शबाना आत शिरली, तिचे दोन्ही हात भाजले. हे माझ्यामुळे झालं ना हो?

पण तुमच्यावरही राग आहे. गेल्या वर्षी गावात एका घरात साठवलेला कापूस पेटला, तो विझला म्हणून सगळे चहाला बसले. कापूस वरून विझतो, आत धुमसत राहतो, उपसून पसरल्याशिवाय भरवसा नाही, हे तुम्हीच शिकवलं. एकट्यानं आत जायचं नाही, हेही तुमचंच! मग तो उपसायला एकटेच का गेलात? कोणाला पत्ताही नव्हता. सलीमभाईंनी धुरातून ओढून काढलं, तोवर उशीर झाला होता. आणि त्याच माणसाला मी नाही म्हणाले.

आज भाकर घेऊन शबानाकडे गेले. "काहून आली?" म्हणाली. मी भाकर मोडून घास पुढे केला. तिनं माझ्या हातानं दोन घास खाल्ले, मग तोंड फिरवलं. निघताना भिंतीकडे बघूनच म्हणाली, "उद्या येशीन तं तिखट कमी टाकजो."

ट्रॅक्टर आता सलीमभाईंच्या अंगणात उभा केला आहे. यापुढे कोणाला माझ्या दारात यावं लागणार नाही. आणि आग लागली की मीही जाईन. पाणी मारता येत नाही मला. पण आत किती शिरले, बाहेर किती आले, ते दाराशी उभी राहून मोजीन. तुमच्या वेळी कोणीच मोजलं नव्हतं.

अजून रागावलेली,
तुमची कमल