कार्ड काढायचं, कार्ड घालायचं

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. कारण, घरात माझं बोलणं पूर्ण ऐकून घेणारं कोणी नाही. वहीला निदान मधेच उठून कुकर बघायला जाता येत नाही.

आमच्या लेकीचा, बिट्टीचा, गेम बाजारात आला. तिच्या कंपनीचा. त्यात तिचं काम दगड काढण्याचं, म्हणजे चित्रात. डोंगरातले, नदीतले, वाटेतले. इंजिनिअर झालेली पोरगी दोन वर्षं कॉम्प्युटरवर दगड काढत बसली. नोकरीला जाताना मी एवढंच म्हणालो होतो, की दगड काढायला एवढं शिकलीस का. त्यात काय चुकलं? बाप बोलणार नाही तर कोण बोलणार? तेव्हापासून फोन आईला. 'बाबा बरे आहेत ना' हेसुद्धा आईलाच. मी तिथेच शेजारी बसलेला असतो.

बावीसला घरी येतेय म्हणे. त्याआधी तो गेम खेळून पूर्ण करणार. तिच्यासाठी वगैरे अजिबात नाही. वेळ जात नाही म्हणून.

४ मार्च

गेम विकत घेतला. लॅपटॉपवर उतरायला अख्खा दिवस गेला. सुरू केला. पडदा काळा. मग एक पाटी, ग्राफिक्स कार्ड अपुरं आहे.

हात्तिच्या! एवढंच? अख्खी हयात पंपाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळण्यात गेली. पार्ट खराब झाला की पार्ट बदलायचा, पंप चालू. आणि इथे तर नावातच सगळं आलं. कार्ड! सिमकार्ड असतं, मेमरी कार्ड असतं. जुनं काढायचं, नवीन घालायचं. रविवारपर्यंत गेम चालू.

६ मार्च

कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेलो. त्याने मान वर न करताच सांगितलं, की लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड बदलता येत नाही. मदरबोर्डवरच सोल्डर केलेलं असतं. रॅम वाढवून देतो, पण त्याने तुमचा गेम चालणार नाही. नवीन लॅपटॉप घ्या.

ही युक्ती मी ओळखतो. पंप विकणारेही हेच करतात. वॉशर गेला की पंप बदला. मी विचारलं, निघत नाही तर त्याला कार्ड का म्हणतात? तो म्हणाला, सवय. म्हणजे उत्तर नव्हतं. गप्प केला.

९ मार्च, रविवार

कारखान्यातल्या जुन्या फिटरच्या ओळखीने एक वापरलेलं कार्ड मिळालं. एकदम दणकट. खोका उघडला आणि जरा वेळ बघतच राहिलो. विटेएवढं आहे. वर दोन पंखे. हिने विचारलं, टेबलफॅन आणलात का? मी म्हटलं, हे कार्ड आहे. ती म्हणाली, कसलं? आणि भाजी ढवळायला गेली. (वहीचा फायदा इथेच दिसतो.)

हे कार्ड लॅपटॉपपेक्षा जाड आहे. दोष कार्डाचा नाही. लॅपटॉप उगाच चपटा करून ठेवलाय.

१० मार्च

बाहेरूनही जोडता येतं म्हणे. पण त्याला एक खास भोक लागतं, ते आमच्या लॅपटॉपला नाही. भोकं तशी चार आहेत. चारही नको तीच.

१२ मार्च

बिट्टीचा फोन. आज फार बोलली नाही. हो, नाही, बघू. ही नंतर म्हणाली, पोरीचा आवाज बरा नव्हता हो. मी म्हटलं, रेंज नसेल.

'बाबा बरे आहेत ना' झालंच. मी हातानेच खूण केली, की उत्तम. खरं तर सांगायचं होतं, की मी सध्या एका कामात आहे आणि ते तुझ्यासंबंधीच आहे. पण आधी गेम पूर्ण करणार, मगच बोलणार. अर्धवट कामाचा गवगवा मला जमत नाही.

जेवताना घास जात नव्हता. ॲसिडिटी.

१५ मार्च, शनिवार

लॅपटॉप उघडला. आत कार्ड नाही. सगळं उलटंपालटं करून पाहिलं. एक हिरवी पाटी, तिच्यावर एक काळा चौकोन, घट्ट बसलेला. हेच ते असणार. बसलेलं आहे ना? मग उठवता येईल. सोमवारी कारखान्यातून गरम हवा मारायची हीट गन आणतो.

ही म्हणाली, अहो, कशाला उघडताय ते? बिट्टीला फोन करून विचारा की सरळ. मी म्हणालो, तिला सरळ फोन करता आला असता तर हा उपद्व्याप कशाला केला असता?

ही बघतच राहिली माझ्याकडे. मला तसं म्हणायचं नव्हतं. मला लॅपटॉपबद्दलच म्हणायचं होतं.

१८ मार्च

हीट गन मारली. वास सुटला. ही खिडक्या उघडत फिरली. चौकोन निघाला! बदलता येत नाही म्हणे!

अर्धं काम फत्ते. काढणं झालं, घालणं तेवढं राहिलं.

१९ मार्च

घालता येत नाही. लॅपटॉप चालूही होत नाही. हवा दमट आहे, त्यामुळे असेल.

२० मार्च

कॉम्प्युटरवाल्याकडे. त्याने आत पाहिलं आणि पहिल्यांदाच मान वर केली. हे कोणी केलं म्हणाला. मी म्हटलं, आधीच्या दुकानदाराने. तो म्हणाला, त्याच्याकडे परत जाऊ नका.

लॅपटॉप कपाटात, चादरींखाली ठेवलाय.

२१ मार्च

उद्या येतेय. शांतपणे विचार केला. अख्खा गेम खेळायची गरजच काय? फोनवर त्याची जाहिरात पाहिली. डोंगर आहेत, नदी आहे. डोंगर म्हटल्यावर दगड आलेच. पुन्हा पुन्हा पाहिली. डोळ्यांना पाणी आलं, पडदा लहान आहे फोनचा.

वाक्य ठरवलं. "बिट्टी, दगड फार छान काढलेस." आरशासमोर म्हणून पाहिलं. 'फार'ला आवाज फाटतो. 'फार' काढून टाकला.

२२ मार्च, शनिवार

आली. दोन दिवसांसाठी येणार होती, बॅगा चार. वाळलीय. चहा झाला. ही मुद्दाम आत गेली. मी म्हटलं, तुझा गेम खेळलो.

तिने कप खाली ठेवला. कुठपर्यंत गेलात, विचारलं. मी म्हटलं, शेवटपर्यंत. मग मी वाक्य म्हटलं. नीट आलं.

"दगड छान काढलेस."

"दगड काढले, बाबा."

"तेच म्हणतोय मी. छान काढलेस."

"तसं नाही. काढून टाकले. गेम जड होत होता, साध्या लॅपटॉपवर चालेना. मग माझे सगळे दगड काढले. आणि मग आम्हालाही काढलं."

मला आधी कळलंच नाही. आम्हाला म्हणजे कोणाला, असं विचारलं. आमच्या अख्ख्या टीमला, म्हणाली. महिना झाला. आईलाही सांगितलं नव्हतं. म्हणाली, तुम्ही म्हणाला होतात तेच झालं.

मी असं कधी म्हणालो होतो? मी एवढंच म्हणालो होतो, की... जाऊ दे.

खेळलो नाही हे तिला कळलंच असणार. जो दगड गेममध्ये नाहीच, त्याला मी छान म्हणालो. पण रागावली नाही. हसलीही थोडी. त्यापेक्षा रागावली असती तर बरं होतं. पाठीवरून हात फिरवावा असं फार वाटलं. मी टीपॉय पुसला.

मग म्हणाली, तिचा लॅपटॉप कंपनीचा होता, तो परत घेतला. आणि एका ठिकाणचा अर्ज आज संध्याकाळपर्यंतच भरायचाय, कामाचे नमुने जोडून. फोनवरून ते होत नाही. "बाबा, तुमचा लॅपटॉप घेऊ?"

मी म्हटलं, घे की, त्यात विचारायचं काय. आणि उठून बाथरूममध्ये आलो. वही बरोबर आहे.

बाहेर ती शोधतेय. टेबलाचे खण उघडल्याचा आवाज आला. हिला माहीत आहे, पण ही काही बोलत नाही. आता कपाटाचं दार वाजलं.

"बाबा, कुठे ठेवलाय?"

दुसऱ्यांदा विचारतेय. दाराशी येऊन. आई समोर उभी असताना मलाच विचारतेय.