तेवीस फोन अपडेट केल्याची हकिकत

तीर्थस्वरूप वन्संना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना एका दमात चढता, की अजून मधल्या पायरीवर थांबून शेजारणीशी बोलायचं निमित्त काढता? इथे सगळे खुशाल. या महिन्यात आमच्या घरी आलं ते असं: पाठीला टेकू असलेली खुर्ची एक, सूनबाईसाठी, दुकान मोडीत निघाल्यामुळे निम्म्या भावात, ह्यांच्या चष्म्याच्या काचा दोन, फ्रेम जुनीच, दाराची घंटा एक, दुरुस्त करून, आणि फोनची अपडेट अकरा, किंमत शून्य. ही शेवटची ओळ लिहिताना मला दर महिन्याला समाधान वाटतं. इतकं नवं, इतक्या नियमाने, आपण न मागता दारात येतं आणि पैसे मागत नाही, असं जगात दुसरं काय आहे सांगा. (हवा आणि देवाचं नाव सोडून. हवासुद्धा आमच्याकडे धुळीसकट येते.)

सूनबाई आता घरूनच काम करते. तिचं काम नेमकं काय, हे मला पहिले तीन महिने कळलं नव्हतं. आता कळलंय ते एवढं, की तिची कंपनी वयस्कर माणसांना गोळ्यांची आठवण करून देणारं ॲप चालवते, आणि त्याची नवी आवृत्ती लोकांच्या फोनवर सुखरूप पोचवायची जबाबदारी हिची. आवृत्ती निघायच्या दिवशी ती धड जेवत नाही, आणि निघाली की कुणाची तक्रार येते का, याची वाट बघत बसते. (मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशी मी अशीच बसले होते. पण माझा निकाल एकदाच लागला, हिचा दर पंधरा दिवसांनी लागतो.) सकाळी दहाला त्यांची बैठक असते, ती म्हणे उभ्यानेच घ्यायची, म्हणजे लवकर आटपते. नवी खुर्ची आल्यापासून ती पाऊण तास चालते. कंपनीने तिला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलंय, कायम करायचं की नाही ते या महिनाअखेरीला ठरणार, आणि माझा जीव तिथे अडकलाय. मुलगी गुणी आहे, वन्सं. मी ताट आत नेऊन ठेवलं की पडद्यावरच्या दहा माणसांदेखत ‘थँक्यू आई’ म्हणते, मग ती दहाही माणसं मला नमस्कार करतात, आणि मी ओल्या हातांनी दहाजणांना उलट नमस्कार करून बाहेर येते.

तर या महिन्यात मोठी आवृत्ती निघाली. अक्षरं ठळक, रंग शांत, आणि गोळी घेतली असं कळवलं की पडद्यावर एक फूल उमलतं. ह्यांना ते फूल इतकं आवडलं की पहिल्या दिवशी एकच गोळी दोनदा घ्यायला निघाले होते. पण तिसऱ्या दिवसापासून तक्रारी येऊ लागल्या. दर वेळी अपडेट घेणाऱ्यांचं सगळं ठीक. ज्यांनी तीन-चार वर्षं काहीच घेतलं नव्हतं आणि आता एकदम उडी मारली, त्यांची मात्र गोळ्यांची यादी कोरी. सूनबाईने लगेच ते पुढे पाठवणं थांबवलं, पण ज्यांच्या फोनवर ते आधीच उतरून बटण दाबायची वाट बघत बसलंय, त्यांना कोण थांबवणार? ऑफिसात चूक सापडेना, कारण तिथे सगळ्यांचे फोन नवे कोरे. मुद्दाम जुनी आवृत्ती घालून खोट्या गोळ्यांची खोटी यादी भरली, तर ती शहाण्यासारखी जागच्या जागी राहिली. शेवटी त्यांचे साहेब म्हणाले, खरा जुना फोन आणा, खऱ्या माणसाचा, ज्याने चार वर्षांत काही केलेलं नाही. तो मिळाला तर चूक दोन दिवसांत सापडेल. नाही मिळाला तर सगळी आवृत्ती मागे घ्यायची, आणि ती घेतली की सूनबाईच्या नावापुढे काय लिहिलं जाईल ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मी म्हटलं, एवढंच ना? आपल्या इमारतीत ते ॲप वापरणारी म्हातारी माणसं काय कमी आहेत? वही घेतली, देवापुढे दोन मिनिटं बसले आणि निघाले. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांचा फोन बघितला, तर सगळं अगदी ताजं. हे कुणी केलं, असं विचारल्यावर ते चष्मा वर करून म्हणाले, “तुम्हीच की. मी नको नको म्हणत होतो.” आणि मग मला आठवलं. गेली दोन वर्षं संध्याकाळचं नामस्मरण झालं की मी खाली उतरत असे आणि ज्याला-त्याला विचारत असे, की फुकट मिळतंय ते का सोडता? ज्यांना जमत नसे त्यांचं मी स्वतः करून देत असे. त्यात माझा काही स्वार्थ नव्हता, एक सेवा म्हणून. दातांच्या डॉक्टरांची आई झोपलेली असताना तिच्या उशाचा फोन मी करून ठेवला होता. तळमजल्यावरचा शिंपी तर मला येताना पाहिलं की फोन बटणांच्या डब्यात टाकायचा, पण फोनच तो, एकदा वाजला. घरी येऊन वहीचं मागचं पान उघडलं. कुणाचा फोन, कोणती तारीख, पुढे बरोबरची खूण, सगळं माझ्याच अक्षरात. तेवीस. एकही म्हातारं माणूस माझ्या हातून सुटलं नव्हतं.

ह्यांनी तेव्हा कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्यांची आठवण करून दिली. जे चालतंय ते उघडायचं नाही, हा त्यांच्या धंद्याचा नियम, आणि तो त्यांनी फोनलाही लावला होता. मी दुकानात जाऊन सगळी हकिकत सांगितली. भला माणूस, काही न विचारता फोन माझ्या हातात दिला. उघडून बघते तर चार वर्षांपूर्वीचं ॲप, आत नऊ गोळ्यांची यादी, वेळेसकट. मला इतका आनंद झाला की काय सांगू. त्यांना म्हटलं, आता हा असाच्या असा घरी नेते, याला धक्कासुद्धा लागू देणार नाही. हे मी तोंडाने सांगत असताना पडद्यावर आलं, नवी आवृत्ती तयार आहे, आता घ्यायची का? वन्सं, मी शपथेवर सांगते, मी काही केलं नाही. माझ्या बोटाने केलं. दोन वर्षांची सवय हो. आधी एक गोल फिरला, मग रंग शांत झाले, आणि नऊच्या नऊ गोळ्या डोळ्यांदेखत गेल्या. (फूलसुद्धा उमललं नाही. घेण्यासारखी गोळीच उरली नव्हती.)

रिकामा फोन घेऊन मी सूनबाईपुढे उभी राहिले. तिने तो बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि खुर्चीत मागे रेलून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. आठवड्यात पहिल्यांदाच हसली. मग म्हणाली, “आई, चूक खरी आहे एवढं तरी आता दोन साक्षीदारांसमोर ठरलं. पण रिकामी यादी तपासून काही कळत नाही. तुम्ही मात्र आजपासून कुणाच्याही फोनला हात लावायचा नाही.” मी कबूल केलं. घड्याळवाल्यांच्या गोळ्यांची पाकिटं समोर घेऊन त्यांची यादी पुठ्ठ्यावर लिहून दिली, आणि आता रोज सकाळी आठला जाऊन मीच आठवण करते. दुकानात चाळीस घड्याळं आणि प्रत्येकात वेगळी वेळ, त्यामुळे मी आल्याशिवाय आठ वाजल्याचं ते मानत नाहीत. सकाळचं चालणं होतं, दोन शब्द बोलणं होतं. माझी तक्रार नाही.

बाकी सगळं देवाच्या कृपेने उत्तम. गुडघ्याला जपा, भाचीला आशीर्वाद.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. ह्यांचा तुम्हाला नमस्कार. चष्म्याच्या नव्या काचांतून त्यांना आता सगळं दिसतं, म्हणून घरात माझ्या चुका वाढल्या आहेत.

ता. क. दुसरं. तुमचा फोन, वन्सं. चार वर्षांपूर्वी आमच्या मुलाने ते गोळ्यांचं ॲप घालूनच तुम्हाला दिला, आणि घंटी वाजली की गोळी घेणं यापलीकडे तुम्ही त्याला काही केलेलं नाही. खरं सांगते, साहेबांची मागणी कळली तेव्हा पहिलं नाव तुमचंच आठवलं. इमारतभर हिंडले ती तुम्हाला विचारावं लागू नये म्हणून. गेल्या भेटीत मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, की वन्संचा फोन आणि वन्संचं डोकं एकाच सालात अडकलंय. तुम्ही भात वाढत राहिलात. ते बोलणं मी मागे घेते. (निघालेली वस्तू मागे घेता येते, हे सूनबाईच्या कामातून शिकले.) तेव्हा कृपा करून फोन आहे तसाच ठेवा, पडद्याने काही विचारलं तर उत्तर देऊ नका, भाचीला जवळ फिरकू देऊ नका. शनिवारी सूनबाई एकटी येईल, तुमची यादी आधी कागदावर उतरवून घेईल, मगच फोनला हात लावेल. मी येत नाही.

ता. क. तिसरं. हे फोनवर सांगता आलं असतं. पण वाजणारा फोन तुम्ही कसा घेता ते मी पाहिलंय. आवाज थांबेपर्यंत पडद्यावर दिसेल तिथे दाबत सुटता. म्हणून टपालाचा खर्च केला, तोही जलद टपालाचा. पाकिटात आमचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं कार्ड आहे. ‘फोन अजून जुनाच आहे’ एवढी एक ओळ त्यावर लिहा. मला काही सुनवायचं असेल तर खाली भरपूर जागा सोडली आहे. पण आधी ती ओळ, आणि उलट टपाली.