दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट

यवतमाळ
१० डिसेंबर २००६

चि. इंद्रजीत यास ताईचा आशीर्वाद.

तुझं वास्तुपूजेचं आमंत्रण पोचलं. इकडे सगळे बरे आहेत. इथल्या मोठ्या दवाखान्यातल्या नोकरीत उभं राहून पाय सुजतात, बाकी ठीक. तांड्यावर वेचणी सुरू आहे. कापसाला भाव नाही, हे तुला काय सांगायचं.

आपला ट्रस्टचा दवाखाना पाडून तू बिल्डरसोबत उभी केलेली इमारत एसटीतून पाहिली. छान दिसते. आत पोहायचा तलाव आहे म्हणे. गावात नळ आठवड्यातून एकदा येतो.

दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट माझ्या नावे करतोस, कारण 'ताईनं इथं नर्स म्हणून जन्म काढला'. जन्म काढला खरा. तुझा जन्मही तिथलाच.

दवाखाना तोट्यात आहे, सरकार मोठा बांधणारच आहे, असं तांड्यात बैठक घेऊन तूच सांगितलंस. आपला पोरगा सांगतो म्हणून लोक गप्प बसले. फवारणीचं औषध प्यालेली माणसं वाढत चालली होती, तेव्हाच फाटकाला कुलूप लागलं.

मी पूजेला येणार नाही. काहून, म्हणशील.

गेल्या वर्षी आपल्याला जन्म देणाऱ्या याडीला निंदताना साप चावला आणि ती वावरातच गेली, असं हिरासिंगकाकांनी तुला सांगितलं. तू ऊर बडवत होतास, म्हणून. ते खरं नाही. काका तिला जीपमध्ये घालून यवतमाळला निघाले होते. तुझ्या अर्धवट इमारतीपाशी आले तेव्हा तिच्या पापण्या मिटत चालल्या होत्या.

"भाऊजी, आला का संगीताचा दवाखाना?"

दवाखाना पाडला हे तिला ठाऊक होतं रे. पण त्या वेळी भान कुठलं!

काका म्हणाले, "आला, वहिनी. आताच सुई देतेत तुले."

जीप थांबली नाही. थांबून करणार काय? सापाचं इंजेक्शन आमच्या फ्रीजमध्ये कायम असायचं, मीच पाहायची. यवतमाळला जीपमधून मी याडीला उतरवून घेतलं, तेव्हा तिचं अंग अजून गरम होतं.

काका म्हणतात, पोराला सांगू नको, मोडून पडेल. वर्षभर सांगितलं नाही. पण तुझ्या पत्रिकेवर 'मातोश्री रुपीबाई यांच्या आशीर्वादाने' असं छापलेलं वाचलं आणि राहवलं नाही.

पूजा कर. पाहुण्यांना जेवू घाल. फ्लॅट दुसऱ्या कोणाला दे.

याडीची लेक,
संगीता